दिवसभर पायात राहणारा बूट

कामाचा बूट दिवसाचे आठ ते बारा तास पायात असतो आणि त्यातला बराच वेळ तो सिमेंटच्या कोब्यावर, खडीवर, तेलकट फरशीवर किंवा चिखलात वावरतो. चाकण, भोसरी, वाळूज, अंबड, बुटीबोरी इथल्या औद्योगिक वसाहतींबाहेर सेफ्टी शूजची दुकाने ओळीने दिसतात. तिथे मांडलेले बूट पहिल्या नजरेला सगळे सारखेच वाटतात. काळे, जाड, पुढून गोल. त्यांच्यातला खरा फरक साच्यात, चामड्यात, सोल जोडण्याच्या पद्धतीत आणि सोलच्या रसायनात असतो. साचा सोय ठरवतो, बाकीच्या तिन्ही गोष्टी आयुष्य ठरवतात. खरेदी मात्र बहुतेक वेळा नंबर आणि किंमत या दोनच आकड्यांवर उरकली जाते, आणि पायाची दुखणी तिथूनच सुरू होतात.

माणसाच्या प्रत्येक पावलात २६ हाडे आणि ३३ सांधे असतात. चालताना पाऊल वाकते ते चवड्याच्या रुंद भागात, बोटांच्या मुळाशी. बूटही नेमका तिथेच वाकला पाहिजे. बूट ज्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या ठोकळ्यावर बेतला जातो त्याला कलबूत म्हणतात. कलबुताची रुंदी, टाचेचा घेर आणि वाकण्याची जागा पायाशी जुळली तर साधा बूटही दिवसभर जाणवत नाही. ती जुळली नाही तर आतला मऊ फोम आठवडाभर फसवतो आणि मग बूट चावू लागतो. सारख्याच लांबीच्या दोन पायांतही फरक असतो. एकाची बोटे लांब आणि तळव्याची कमान आखूड, दुसऱ्याची उलट. लांबी सारखी म्हणून दोघांना एकच बूट दिला तर एकाच्या पायात तो चुकीच्या जागी वाकतो आणि तिथे चामडे आत दुमडून बोटांच्या सांध्यांवर घासत राहते.

भारतात प्रचलित असलेला नंबर ब्रिटिश पद्धतीचा आहे. त्यात एका नंबराचा फरक म्हणजे एक तृतीयांश इंच, सुमारे साडेआठ मिलिमीटर. युरोपीय ‘४१’, ‘४२’ या मापात एक पायरी साधारण ६.७ मिलिमीटरची असते. त्यामुळे डब्यावर छापलेले दोन नंबर एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत, आणि दोन कंपन्यांचा आठ नंबरही एकसारखा नसतो. याहून मोठी अडचण रुंदीची. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने भारतीयांच्या पावलांचे त्रिमितीय मोजमाप करण्यासाठी देशभर पाहणी केली. एक लाखाहून अधिक लोकांची पावले मोजल्यावर भारतीय पाऊल युरोपीय-अमेरिकी पावलापेक्षा रुंद असल्याचे दिसले, आणि त्यावरून ‘भा’ नावाची देशी मापपद्धती सुचवण्यात आली. चवडा आवळतो म्हणून एक नंबर मोठा बूट घेण्याची सवय याच विसंगतीतून आली आहे. पण मोठ्या नंबरात लांबीही वाढते, वाकण्याची जागा पुढे सरकते, टाच सुटते. नाडी करकचून आवळली तरी पाय आत पुढे-मागे होत राहतो. रुंद पायाला रुंद साच्याचा बूट हवा. कंपनी बदलून पाहणे हा नंबर वाढवण्यापेक्षा चांगला उपाय आहे.

स्त्री कामगारांच्या वाट्याला हा त्रास अधिक येतो. स्त्रीची टाच चवड्याच्या मानाने अरुंद असते, पायाच्या वरच्या भागाची ठेवण वेगळी असते. बाजारातले लहान नंबरचे बरेच सेफ्टी शूज मात्र पुरुषांच्याच साच्यावर, तो फक्त लहान करून बेतलेले असतात. असा बूट चवड्याला ठीक बसला की टाचेला सैल होतो. जुळणीच्या लाइनवर आणि गोदामांत स्त्रियांची संख्या वाढत असताना त्यांच्यासाठी वेगळ्या साच्याचे बूट मागवणे ही कारखान्याने साधी जबाबदारी मानायला हवी.

बूट पारखायची वेळ संध्याकाळची. दिवसभर उभे राहिल्यावर पाय थोडे सुजतात आणि कामाच्या शेवटच्या तासांत ते त्याच मापाचे असणार आहेत. दुकानात जाताना कामावर वापरायचेच मोजे घालून जावे. दोन्ही पाय मोजावेत, कारण बहुतेकांचा एक पाय किंचित मोठा असतो, आणि माप त्याच पायाचे धरावे. सर्वांत खात्रीची चाचणी फुकट आहे. बुटातला सुटा तळ बाहेर काढायचा, जमिनीवर ठेवायचा आणि त्यावर पूर्ण भार देऊन उभे राहायचे. बोटांपुढे दहा-बारा मिलिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या साधारण अर्ध्या रुंदीएवढी जागा उरली पाहिजे. चवडा कडेबाहेर गेला तर तो बूट तिथेच परत करावा. चामडे सैल होईल ही आशा सेफ्टी शूजच्या बाबतीत उपयोगाची नाही. चामडे सैलावते, बोटे वाचवणारी टोकाची कडक टोपी सैलावत नाही.

पुढची चाचणी आपल्याकडच्या कामाच्या रीतीतून येते. फरशी बसवणारा, सळई बांधणारा, वेल्डर, पाइप जोडणारा गडी दिवसाचा बराच वेळ उकिडवा बसतो. उकिडवे बसल्यावर बूट पूर्ण वाकतो आणि टोपीची मागची कड बोटांच्या वरच्या बाजूला रुतते. उभ्याने घालून पाहिलेल्या बुटात हे कळतच नाही. म्हणून दुकानात दोन-तीन मिनिटे उकिडवे बसून पाहावे, पायरी उतरून पाहावी. उतरताना बोटे पुढे आपटत असतील तर बूट आखूड आहे किंवा पायाचा वरचा भाग नीट धरला जात नाही. टाच किंचित उचलली गेली तर हरकत नाही, घसरू लागली तर फोड ठरलेला. बूट हातात घेऊन टोक आणि टाच दाबूनही पाहावे. तो चवड्यात वाकायला हवा. मधोमध, कमानीत मोडला तर आतली शँक, म्हणजे कमानीला आधार देणारी पट्टी, कमकुवत आहे किंवा बसवलेलीच नाही. शिडीवर चढणाऱ्याला ती पट्टी आणि टाचेची स्पष्ट खाच दोन्ही लागतात. सपाट काँक्रीटवर दिवसभर चालणाऱ्याला सलग सपाट सोल अधिक बरा.

आता चामडे. भारतीय सेफ्टी शूजमध्ये सर्वाधिक दिसते ते म्हशीचे ‘बफ बार्टन’ चामडे. वरचा थर घासून त्यावर दाणेदार ठसा आणि रंगाचा लेप दिलेला असतो. ओरखडे, डाग, मूळ कातडीवरचे व्रण त्यात झाकले जातात, किंमत आटोक्यात राहते आणि माल एकसारखा दिसतो. कामाला हे चामडे वाईट नाही. अट एवढीच की ते पुरेसे जाड असावे, म्हणजे दोन मिलिमीटरच्या आसपास, आणि लेप इतका जाड नसावा की चामड्याला श्वासच घेता येणार नाही. बोटाने दाबल्यावर बारीक सुरकुत्या उमटल्या तर खाली खरे चामडे आहे. पृष्ठभाग रबरासारखा एकसंध दबला तर वर प्लास्टिकचा थर जाड आहे, आणि तो काही महिन्यांत वाकण्याच्या रेषेवर फुटतो. मूळ दाणा न घासलेले चामडे सर्वांत टिकाऊ, कारण कातडीचे तंतू वरच्या थरात सर्वांत घट्ट विणलेले असतात. त्याउलट खालच्या थरापासून केलेले स्प्लिट चामडे तेल-पाणी पटकन शोषते. वेल्डिंगच्या ठिणग्या मात्र मऊ लवदार स्प्लिट चामडे लेप दिलेल्या चामड्यापेक्षा बरे सोसते.

बुटाचे चामडे बहुधा क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असते. ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुळली आणि कमावण्याचा काळ महिन्यांवरून दिवसांवर आला. कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावतात. ते ताठ, घट्ट आणि तळासाठी उत्तम असते. क्रोमचे चामडे मऊ राहते, पाण्याने भिजून वाळले तरी फारसे कडक होत नाही, म्हणून बुटाच्या वरच्या भागाला तेच सोयीचे.

बुटाचे आयुष्य सर्वांत जास्त अवलंबून असते ते वरचा भाग आणि सोल यांच्या सांध्यावर. शतकानुशतके हा सांधा हाताने शिवला जाई. १८५८ साली अमेरिकेत लायमन ब्लेक याने सोल शिवण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. रबरावर प्रक्रिया शोधणाऱ्या चार्ल्स गुडइयरच्या मुलाने १८७०च्या दशकात वेल्ट शिवण्याची यंत्रपद्धती विकसित केली. तिला आजही गुडइयर वेल्ट म्हणतात. तीत वरच्या भागाच्या कडेला चामड्याची एक पट्टी शिवतात आणि सोल त्या पट्टीला शिवतात. सोल झिजला की बाहेरची शिवण उसवून नवा सोल लावता येतो, वरच्या भागाला हात लागत नाही. कलबुतावर चामडे ओढून बसवण्याचे सर्वांत कौशल्याचे काम १८८३ साली यान मॅट्झेलिगर या सुरीनाममध्ये जन्मलेल्या कृष्णवर्णीय कारागिराच्या यंत्राने सोपे केले आणि बूट सामान्य माणसाच्या आवाक्यात यायला त्याचा मोठा हातभार लागला. त्याचे नाव फारसे कुणाला ठाऊक नसते, ते ठाऊक असायला हवे.

आजचा सर्वसाधारण कामाचा बूट यांपैकी कशानेच शिवलेला नसतो. तयार वरचा भाग साच्यात धरून त्याच्याखाली द्रव पॉलियुरेथेन ओततात. ते फुगून घट्ट होताना चामड्याला चिकटते आणि सोल व सांधा एकदमच तयार होतात. बूट हलका, स्वस्त आणि पहिल्या दिवसापासून मऊ असतो. आत हलके, फेसाळ पॉलियुरेथेन आणि बाहेर घट्ट थर असा दुहेरी घनतेचा सोल एकेरीपेक्षा बराच चांगला, कारण धक्का आतला थर शोषतो आणि झीज बाहेरचा सोसतो. पण सोल उरला नाही की बूटच उरत नाही. नवा सोल ओतून मिळत नाही.

पॉलियुरेथेनचा दुसरा दोष दमट हवेत उघडा पडतो, आणि कोकण-मुंबईच्या वाचकाने तो नीट समजून घ्यावा असा आहे. एस्टर प्रकारच्या पॉलियुरेथेनचे रासायनिक बंध पाण्याच्या वाफेने हळूहळू तुटतात. बूट वापरात नसला, डब्यात बंद असला तरीही. बाहेरून तो नवा दिसतो. एक दिवस पायात घातला की सोलचे तुकडे पडू लागतात. कपाटात जपून ठेवलेला ‘चांगला’ बूट पहिल्याच पावसात फुटतो तो यामुळेच. दमट हवेत असा सोल तीन ते पाच वर्षांत कमजोर होऊ शकतो. इथर प्रकारचे पॉलियुरेथेन आणि रबर यांना हा धोका फार कमी. म्हणून घेताना बुटावरची उत्पादनाची तारीख पाहावी. ती सोलवर, जिभेच्या आतल्या लेबलवर किंवा शिक्क्यात असते. वर्षानुवर्षे दुकानात पडून राहिलेला माल सवलतीत मिळाला तरी घेऊ नये. आणि दोन जोड घेऊन एक जपून ठेवण्यापेक्षा दोन्ही आलटून-पालटून वापरावेत.

घसरणे हा वेगळा प्रश्न. आल्प्सच्या परिसरातल्या गिर्यारोहकांच्या बुटांना पूर्वी खालून लोखंडी खिळे ठोकलेले असत. १९३५ मध्ये एका चढाईत सहकारी गमावल्यावर इटलीच्या व्हिटाले ब्रामानीने खोल खाचांचा रबरी सोल बनवला आणि १९३७ मध्ये त्याचे पेटंट घेतले. खाचांची ती ठेवण आजच्या जवळजवळ प्रत्येक कामाच्या बुटाखाली दिसते. खाचा माती, खडी, चिखल यांवर उपयोगी पडतात. ओल्या गुळगुळीत फरशीवर मात्र पकड ठरते ती रबराच्या मऊपणाने आणि पाणी बाहेर काढणाऱ्या बारीक नाल्यांनी. तेलाच्या जागी नायट्राइल रबर टिकते, साधे रबर फुगते आणि मऊ पडते. गरम लोखंडाजवळ पॉलियुरेथेन वितळते, तिथेही रबरच हवे.

सुरक्षेसाठी भारतीय मानक आयएस १५२९८ आहे. त्याच्या दुसऱ्या भागातला बूट २०० ज्यूलचा आघात सोसतो, म्हणजे साधारण २० किलोची वस्तू एक मीटरवरून टोकावर पडली तरी बोटांसाठी जागा उरते. शिवाय तो १५ किलोन्यूटनचा, म्हणजे सुमारे दीड टनाचा दाब सहन करतो. तिसऱ्या भागात हीच मर्यादा १०० ज्यूल आणि १० किलोन्यूटन आहे. चौथ्या भागात टोपी नसते. लेबलवर आयएसआय खूण, मानकाचा क्रमांक आणि भाग हे तिन्ही पाहावेत. नुसते ‘स्टील टो’ छापलेले असणे म्हणजे चाचणी झालेली असणे नव्हे. लोखंडी टोपी बोटे कापते हा समज खोटा आहे. टोपी वाकेल एवढा भार पडला तर टोपीशिवायच्या पायाचे हाडही शाबूत राहणार नाही. फायबरची टोपी हलकी असते, उन्हात तापत नाही, पण तेवढ्याच ताकदीसाठी ती जाड करावी लागते, त्यामुळे टोक फुगीर दिसते. रुंद पायाला ती कधी सोयीची पडते, कधी अडचणीची.

एस-१, एस-२, एस-३ ही अक्षरे पुढचे सांगतात. एस-१ मध्ये टाच बंद असते, टाचेत धक्का शोषणारा भाग असतो आणि स्थिर वीज वाहून जाण्याची सोय असते. एस-२ मध्ये पाणी रोखणारा वरचा भाग, एस-३ मध्ये त्याशिवाय खिळा रोखणारा थर आणि खाचांचा सोल. खिळ्याच्या चाचणीत ४.५ मिलिमीटर जाडीचा खिळा ११०० न्यूटन जोराने दाबतात. पोलादी पत्रा खिळा उत्तम रोखतो, पण बूट ताठ होतो आणि पत्रा कडेपर्यंत पोचत नाही. विणलेला थर लवचिक असतो, कडेपर्यंत जातो, मात्र बारीक तीक्ष्ण खिळ्यापुढे दुबळा पडतो. सेंट्रिंगच्या फळ्या उखडलेल्या साइटवर पत्राच बरा. एक गैरसमज जिवावर बेतू शकतो. स्थिर वीज वाहू देणारा बूट विजेच्या झटक्यापासून वाचवत नाही. वीजकामासाठी विद्युतरोधक म्हणून वेगळे प्रमाणित केलेले बूट असतात.

हे सारे प्रत्येकाला लागत नाही, आणि जास्तीचे संरक्षण म्हणजे जास्तीचे वजन. भिवंडीच्या गोदामात दिवसभर पायपीट करणाऱ्याला हलका, फायबर टोपीचा, चांगल्या तळाचा बूट हवा. शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत वितळलेले लोखंड उडते. तिथे झटक्यात काढता येणारा उंच बूट लागतो, आणि पँटची मोरी बुटाच्या बाहेर असावी लागते, नाहीतर ठिणगी आत अडकते. कोकणात भातलावणीच्या चिखलात चामड्याचा बूट निरुपयोगी. तिथे गुडघ्याजवळ पोचणारा रबरी गमबूट उत्तम. तो लेप्टोस्पायरोसिसचे जंतू भेगांमधून आत शिरण्याला अटकाव करतो, विंचू-सापापासून काहीसा बचाव करतो. रात्री तो उलटा ठेवावा आणि सकाळी झटकून, आत पाहूनच घालावा.

नवा बूट पहिल्या दिवशी पूर्ण पाळीसाठी घालू नये. पहिले तीन-चार दिवस दोन-तीन तास घालून वेळ वाढवत न्यावा. सुती मोजा घाम शोषतो पण सोडत नाही, ओला होऊन घासतो. लोकर किंवा नायलॉनमिश्रित मोजा बरा. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात होणाऱ्या चिखल्या ओल्या मोज्यांतूनच येतात, म्हणून जेवणाच्या सुट्टीत मोजे बदलण्यासारखा स्वस्त उपाय दुसरा नाही. मधुमेह असलेल्याने आणखी जपावे. तळव्याची संवेदना कमी झालेली असेल तर बूट चावल्याचे कळत नाही, आणि साधा फोड जखम होऊन चिघळतो. त्याने बुटात रोज हात फिरवून खडा, शिवणीची गाठ, उलटलेली कड तपासावी आणि रात्री तळवे पाहावेत.

भिजलेला बूट चुलीजवळ, हीटरपुढे किंवा कडक उन्हात वाळवला की चामडे आकसते, भेगाळते आणि चिकटलेला सांधा सुटतो. तळ बाहेर काढावा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते दोन-तीनदा बदलावेत आणि बूट पंख्याच्या वाऱ्यात ठेवावा. घामाने ओलावलेले चामडे पुरते वाळायला साधारण एक दिवस लागतो, म्हणून दोन जोड आलटून वापरले तर ते एकामागून एक वापरलेल्या दोन जोडांपेक्षा जास्त काळ टिकतात. महिन्यातून एक-दोनदा माती पुसून मेणाचे पॉलिश लावावे. खोबरेल तेल चोपडण्याची सवय सोडावी, त्याने चामडे ढिले पडते आणि बुरशीला खाद्य मिळते.

दुरुस्तीचा विचार घेतानाच करायचा असतो. मोच्याकडे नवा बूट नेऊन कडेने शिवण मारून घेण्याची आपल्याकडे रीत आहे. रबरी, चिकटवलेल्या सोलला तिने खरेच बळ मिळते. ओतलेल्या पॉलियुरेथेनला मात्र दाभणाची भोके पडतात आणि त्यांतून पाणी आत जाते. झिजलेली टाच वेळीच रबराची पट्टी लावून सारखी करून घेतली, सुटलेली जीभ शिवून घेतली, आतला बसलेला तळ बदलला तर बुटाचे आयुष्य बरेच वाढते. ‘महाग’ आणि ‘स्वस्त’ हे महिन्याच्या हिशोबाने पाहावे. बाराशे रुपयांचा बूट सहा महिने टिकला तर महिन्याला दोनशे पडतात, तीन हजारांचा दोन वर्षे टिकला तर सव्वाशे.

कारखान्याकडून मिळणारे बूट बहुधा एकगठ्ठा, एकाच साच्याचे येतात. मागणी नोंदवताना नंबराबरोबर पायाची रुंदीही लिहून घेतली आणि दोन वेगळ्या साच्यांचे नमुने कामगारांना घालून पाहू दिले तर खर्च फारसा वाढत नाही, आणि बूट कपाटात पडून न राहता पायात राहतो. कामगारांनी ही मागणी हक्काने करावी.

बूट बदलायची वेळ ओळखणे अवघड नाही. सोलच्या खाचा चवड्याखाली सपाट झाल्या, टाच एका बाजूला इतकी झिजली की सपाट जागेवर ठेवलेला बूट कलतो, फोमच्या कडेवर आडव्या भेगा पडल्या किंवा टोकाचे चामडे फाटून टोपी उघडी दिसू लागली की त्याचे काम संपले. टोपीवर एकदा जड वस्तू पडली तर बाहेरून काही दिसत नसले तरी तो जोड लगेच बाद करावा, कारण दुसरा आघात सोसण्याची तिची ताकद आता मोजलेली राहिलेली नसते. असा बूट दुसऱ्या कुणाला वापरायलाही देऊ नये.